मेजावरचा माग: चौकट, फणी आणि चिंधीच्या पायपुसण्यापर्यंतची सगळी कृती

सोलापुरात माग म्हटलं की पूर्व भागातल्या यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. पण मेजावर मावणारा, हाताने चालणारा छोटा माग सामायिक कार्यशाळेत दोन-तीन सुट्टीच्या दिवसांत तयार होतो. लेझर कटर, ड्रिल प्रेस आणि शिकंजे सगळ्यांनी मिळून वापरायचे असतात, तिथे हा प्रकल्प चांगला बसतो. एकाने लाकूड कापावं, दुसऱ्याने फणीची, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या खाचांच्या चौकटीची, लेझरसाठी फाइल काढावी, तिसऱ्याने सूत पिळावं. कच्चा माल याच शहरात किलोवर मिळतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीची नक्षी मात्र या मागावर उतरणार नाही. तिला जेकार्ड, म्हणजे धागे सुटे-सुटे उचलणारं यंत्र लागतं, आणि या मागात धागे फक्त दोनच गटांत वर-खाली होतात. साधी वीण, पट्टे, पायपुसणी, आसनं आणि पिशवीचं जाड कापड एवढी त्याची मजल.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की धरावी. ताण्याच्या, म्हणजे मागावर लांबीला लावलेल्या सगळ्या धाग्यांवर सारखा ताण धरून ठेवणं, मागाचं काम एवढंच. पुढे दिलेलं प्रत्येक माप आणि होणारी जवळपास प्रत्येक चूक तिथेच येऊन थांबते.

माप आणि सामान

विणायची रुंदी सुमारे ४० सेंमी. इंचाला ८ धागे धरले तर १६ इंचांत १२८ धागे बसतात. चिंधीच्या जाड बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, ही घनता योग्य आहे. २/२० च्या एकेरी सुताचा पातळ पंचा विणायचा असेल तर ती फार विरळ पडते आणि कापड जाळीसारखं दिसतं. त्यामुळे पहिला माग जाड कामासाठीच करावा.

लाकूड सागवानच हवं असं नाही. यंत्रांच्या पेट्यांचं पाइन चालतं, पण गाठी नसलेले तुकडे निवडावेत आणि पट्टी डोळ्यासमोर आडवी धरून वाक तपासावा. लागणारं सामान असं:

- बाजूच्या पट्ट्या: ७५ सेंमी लांब, ७५ मिमी रुंद, १९ मिमी जाड, २ नग
- वरच्या आडव्या पट्ट्या: ३८ × ३८ मिमी, ४९.८ सेंमी लांब, २ नग
- खालची जोडपट्टी: ४६ सेंमी लांब, ७५ × १९ मिमी, १ नग
- बीमसाठी (मागे ताणा आणि पुढे कापड गुंडाळायला) ३२ मिमी व्यासाचे गोल लाकडी दांडे: ५६ सेंमी, २ नग
- १८ मिमी प्लायचे खांब: ६० मिमी रुंद, २१.३ सेंमी उंच, २ नग
- दातेरी चक्रं आणि त्यांना उलटं फिरू न देणारे खटके यांच्यासाठी ६ मिमी प्लाय
- फणीसाठी ३ मिमी अ‍ॅक्रिलिक, आणि वर-खाली धरायला २० × १२ मिमी लाकडी पट्ट्या (वरची ५४ सेंमी, खालची ४४ सेंमी)
- ८ मिमी लोखंडी सळई: ४४ सेंमी, २ तुकडे
- एम ६ बोल्ट, वॉशर आणि नायलॉक नट, स्क्रू, ६ मिमी लाकडी खुंट्या, लाकडाचा गोंद, सुती नाडी

बीमला प्लास्टिकचा पाइप वापरायचा मोह होतो, कारण तो स्वस्त आणि अगदी गोल असतो. टाळावा. धाग्यामागे पाव किलो ताण धरला तरी १२८ धाग्यांचा मिळून ३२ किलो होतो. एवढ्या ताणाखाली ३२ मिमीचा लाकडी दांडा मध्ये पाऊण मिलिमीटर वाकतो आणि २५ मिमीचा दोन मिलिमीटर. पोकळ पाइप याहून बराच जास्त वाकतो. बीम मध्ये वाकला की मधले धागे सैल आणि कडेचे घट्ट होतात. मग कापडाच्या मध्यभागी फुगवटा येतो आणि कितीही ठोकलं तरी जात नाही.

बाजूच्या पट्ट्या ७५ सेंमी घ्यायलाही कारण आहे. फणी ४ सेंमी वर उचलली की धाग्याला वळसा पडून जास्त लांबी लागते. दोन आडव्या पट्ट्यांमध्ये ६७ सेंमी अंतर असेल तर ही वाढ पाऊण टक्क्याच्या आसपास राहते. अंतर ५० सेंमीवर आणलं तर ती सव्वा टक्क्यावर जाते. सुताला तेवढी लवचीकता नसते, म्हणून आखूड मागावर धागे तुटतात.

चौकट

दोन्ही बाजूच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून शिकंजात आवळा आणि दोन्हींना एकदमच भोकं पाडा. वेगवेगळी पाडली की मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक येतो आणि बीम तिरका बसतो. भोकाचा मध्य टोकापासून ६ सेंमीवर आणि पट्टीच्या रुंदीच्या बरोबर मधोमध. बिट ३५ मिमीचं. कपाटाच्या छुप्या बिजागरीसाठी सुतार हेच बिट वापरतात, त्यामुळे ते कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ३२ च्या दांड्याला ३५ चं भोक ढिलं वाटेल, पण ताण आल्यावर दांडा एका बाजूला टेकून स्थिर राहतो. घट्ट भोक मात्र पावसाळ्यात दांडा फुगला की अडतं. भोक आरपार पाडताना खाली टाकाऊ लाकूड ठेवा, नाहीतर बाहेर पडताना बिट कडेचे तुकडे उडवतं.

वरच्या आडव्या पट्ट्या बाजूच्या पट्ट्यांच्या मध्ये न बसवता त्यांच्या डोक्यावर बसवा, अगदी टोकाशी. ताणा याच पट्ट्यांवरून जाणार आहे. तो बाजूच्या पट्ट्यांपेक्षा ३८ मिमी वर राहिला तरच चिंधीने भरलेला धोटा (बाणा धाग्यांमधून आरपार नेणारं साधन) आडकाठीशिवाय आत शिरतो. हे ध्यानात न घेता पट्ट्या मध्ये बसवल्या की माग दिसायला सुबक होतो, पण धोटा प्रत्येक फेरीला कडेवर आपटतो. प्रत्येक टोकाला ६५ मिमीचे दोन स्क्रू वरून मारा. आधी ३ मिमीचं भोक पाडून घ्या. १९ मिमीच्या कडेत थेट स्क्रू मारला तर लाकूड हमखास चिरतं.

खालची जोडपट्टी पुढच्या टोकापासून २० सेंमीवर, तळाशी आडवी बसवा. ती फणीच्या खाली येऊ देऊ नका. फणी खाली गेल्यावर जवळजवळ तळापर्यंत पोचते.

गोंद वाळण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकांना शिकंजा लावून आवळा आणि तसाच रात्रभर ठेवा. मग आडव्या पट्ट्यांच्या कडा रंध्याने गोल करून १२० आणि त्यानंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. जुना नायलॉनचा मोजा हातात घालून पट्टीवर फिरवा. तो कुठे अडकला तर धागाही तिथेच अडकणार.

बीम, चक्र आणि खटका

दातेरी चक्र ७० मिमी व्यासाचं, १६ दात्यांचं. ६ मिमी प्लायचे दोन तुकडे चिकटवून १२ मिमी जाडी करा. बीमचा परीघ साधारण १०० मिमी, म्हणजे एका दात्याला कापड ६ मिमीपेक्षा किंचित जास्त सरकतं. ताण बारकाईने जुळवायला एवढं पुरतं. चक्राला एमडीएफ वापरू नका. खटक्याच्या टोकावर सोळा किलोच्या आसपास जोर येतो आणि एमडीएफचा दाता चुरगळतो.

नुसत्या गोंदाने बसवलेलं चक्र पहिल्या चांगल्या ताणाला सुटून बीमवर फिरायला लागतं. त्यावर उपाय सोपा आहे. बीम उजव्या बाजूने चक्राच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी सपाट येईल असा कापा. गोंद लावून चक्र सरकवा आणि ते वाळल्यावर दांडा व चक्र यांच्या सांध्यावरच बीमला समांतर ६ मिमीची दोन भोकं समोरासमोर पाडा. प्रत्येक भोक अर्धं दांड्यात आणि अर्धं चक्रात येतं. त्यात खुंट्या गोंद लावून ठोका. आता चक्र फिरायचं तर खुंटी कापली गेली पाहिजे.

डाव्या बाजूला बीम सुमारे ४ सेंमी बाहेर राहील. त्यात १० मिमीचं आरपार भोक पाडून १५ सेंमीची दांडी घाला, तीच मूठ. बाजूच्या पट्टीलगत वॉशर ओवून बीममध्ये एक खिळा आडवा घाला, म्हणजे बीम उजवीकडे सरकणार नाही.

चक्र कायमचं बसवण्याआधी त्याची दिशा तपासा. या प्रकल्पात सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. बीमला दोरी बांधून ती आडव्या पट्टीच्या बाहेरून, वरून मागाच्या मध्याकडे न्या आणि ओढा. खटक्याने बीमला अडवलं पाहिजे. बीम मोकळा फिरला तर चक्र उलटं आहे. पुढच्या आणि मागच्या बीमची चक्रं एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. दोन्ही एकाच दिशेने बसवली की एक बीम नक्की सुटतो. खटका एम ६ बोल्टवर, आपल्या वजनाने दात्यात पडेल इतका ढिला ठेवा. नायलॉक नट असल्याने तो धक्क्यांनी सैल होत नाही.

प्रत्येक बीमला सुती नाडीचे सहा फास, सगळे नेमके एकाच लांबीचे, आणि त्यांत ८ मिमी सळई ओवलेली. नायलॉनची दोरी इथे चालत नाही, कारण ती ताणली जात राहते.

फणी

या मागात एकच फणी दोन कामं करते. ती धागे वर-खाली करते आणि बाणा ठोकून बसवते. तिच्यात एकाआड एक खाच आणि भोक असतं. भोकातला धागा फणीबरोबर हलतो, खाचेतला जागच्या जागी राहतो.

फाइलमध्ये ही मापं घाला. दोन खाचांच्या मध्यांमधलं अंतर ६.३५ मिमी, खाच १०० मिमी लांब. तयार रुंदी २ मिमी हवी, पण लेझर स्वतः ०.१५ ते ०.२ मिमी खातो, म्हणून रेखाटनात खाच १.८ मिमीची ठेवा. भोकालाही तेच. भोक दोन खाचांमधल्या काडीच्या बरोबर मध्ये, खाचेच्या निम्म्या उंचीवर. काडी ४.३५ मिमी रुंद उरते आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना १.१७ मिमी अ‍ॅक्रिलिक राहतं. एवढं पुरतं. इंचाला १० धाग्यांची फणी याच पद्धतीने काढली तर भोकाशेजारी पाऊण मिलिमीटरही उरत नाही आणि काड्या तुटतात. ६४ खाचा आणि ६४ भोकं, फणीची एकूण रुंदी ४४ सेंमी, खाचांच्या वर-खाली पट्टीत बसायला १० मिमी जागा. ६० × ४० सेंमीच्या लेझरच्या बेडवर ती आरामात मावते.

फाइल मशीनवर उघडल्यावर एकूण रुंदी आधी वाचा. एकक इंच धरलं गेलं तर आकृती २५.४ पट फुगते किंवा तेवढीच आक्रसते. ती फुगली तर लगेच कळतं. खरा घोटाळा होतो आकृती ‘बेडवर बसवा’ या सोयीने आपोआप लहान केली जाते तेव्हा, कारण दिसायला सगळं ठीक असतं आणि खाच मात्र चुकीच्या मापाची निघते. म्हणून पाच खाचांचा नमुना आधी कापा, त्यातून सूत ओढून पाहा आणि मगच पूर्ण फणी कापा.

कापण्याचा क्रमही महत्त्वाचा: आधी भोकं, मग खाचा, शेवटी बाहेरची कड. खाचा ओळीने न कापता आधी एकाआड एक आणि मग उरलेल्या अशा कापा. ओळीने कापताना उष्णता साठते आणि काड्या वाकतात. कापून झाल्यावर फणी थिनर किंवा स्पिरिटने पुसू नका. लेझरने कापलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या कडेत ताण अडकलेला असतो, स्पिरिट लागताच तिथे बारीक तडे जातात. पाणी आणि थोडा साबण पुरे. प्रत्येक खाचेत ४०० नंबरच्या पेपरची घडी दोनदा फिरवा. काम कंटाळवाणं आहे, तरी ते टाळलं तर कडा सूत खरवडत राहतात.

कार्यशाळेतल्या लेझरमध्ये पीव्हीसी कधीही घालू नका. जळताना त्यातून निघणारा वायू फुप्फुसांना घातक असतो आणि मशीनलाही गंजवतो. शीट अ‍ॅक्रिलिकचीच आहे की नाही ते विकत घेतानाच खात्री करून घ्या.

लेझर नसेल तर आइस्क्रीमच्या काड्यांची फणी करता येते. १० मिमीच्या काडीच्या मध्ये २ मिमीचं भोक आणि दोन काड्यांत २ मिमी फट. पण तिच्यात इंचाला चारच धागे बसतात, म्हणजे अगदी जाड दोरीचं काम. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएची फणी तुकड्यांत निघते. भोकांमधल्या थरांच्या रेषा करवतीसारखं काम करतात, आणि सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीत ती राहिली तर वाकडी होऊन बाहेर येते. यंत्रमागाची जुनी लोखंडी फणी इथे सहज मिळते, पण तिच्यात नुसत्या खाचा असतात. भोकं नसल्यामुळे ती धागे उचलू शकत नाही. ताणा पसरवायला मात्र ती झकास.

फणीच्या वर-खाली लाकडी पट्ट्यांत ३ मिमीची चर पाडून अ‍ॅक्रिलिक बसवा. वरची पट्टी ५४ सेंमीची, म्हणजे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. तिची टोकं खांबांवर टेकतात. खांब बाजूच्या पट्ट्यांच्या बाहेरून स्क्रूने बसवा, पुढच्या आडव्या पट्टीपासून ४० सेंमीवर. खांब चौकटीच्या वर १३८ मिमी राहतो. त्याच्या डोक्यात १४ मिमी रुंद आणि १० मिमी खोल खाच करा. फणी ‘वर’ असताना ती तिथे बसते. ‘खाली’साठी खांबाच्या पुढच्या कडेला, चौकटीपासून ४६ ते ६८ मिमी उंचीवर, २० मिमी खोल खाच. फणी खाली असताना ताण तिला वर ढकलत असतो, म्हणून ती वरच्या काठाखाली अडकायला हवी. या मापांत फणी मधल्या पातळीपासून दोन्हीकडे ४-४ सेंमी जाते. खाचेची अर्धी लांबी ५ सेंमी आहे, त्यामुळे १ सेंमी मोकळीक राहते. खांब उंच केले तर खाचेतले धागेही फणीबरोबर ओढले जातात आणि वरच्या आणि खालच्या धाग्यांमधली फट, जिच्यातून धोटा जातो, ती वाढण्याऐवजी कमी होते.

सूत

ताण्याला पोती शिवायचा सुती दोरा, साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा, सगळ्यात सोयीचा. तो न मिळाल्यास २/२० काउंटचं सूत घ्यावं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा). २/२० म्हणजे २० काउंटचे दोन पदर पिळलेले, लांबीच्या हिशेबात १० काउंट. एका किलोत सुमारे १६,९०० मीटर. पाच पदर एकत्र केले की २ काउंटच्या बरोबरीचा, किलोला ३,४०० मीटरच्या आसपास भरणारा मजबूत धागा होतो.

पाच पदर नुसते शेजारी-शेजारी वापरले तर फणीच्या घर्षणाने एखादा पदर मागे सरकून फुगतो आणि अडकतो. म्हणून पीळ द्या. मोकळ्या गच्चीवर किंवा लांब व्हरांड्यात २० मीटरचे पाच पदर एका टोकाला खुंटीला बांधा आणि दुसरं टोक ड्रिलमध्ये धरलेल्या आकड्याला. मीटरला १२० वेढे पुरतात, म्हणजे मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चार मिनिटं. दिशा मूळ पिळाच्या उलट हवी. पीळ बसताना आतले दोन-दोन पदर किंचित सैलावताना दिसले तर दिशा बरोबर. मूळ पिळाच्याच दिशेने दिला तर धागा कडक होऊन आपोआप गुंडाळ्या घालतो. पीळ बसताना लांबी थोडी आटते. २० मीटरचे १९ होतात. ड्रिलच्या बाजूच्याने पुढे सरकत राहावं, खेचून धरू नये.

दोन पायपुसण्यांसाठी ताणा २.७ मीटर लांब: प्रत्येकी ८५ सेंमी विणकाम, टोकांना मिळून २० सेंमी, आणि मागावर वाया जाणारे ६० सेंमी. १२८ धागे म्हणजे जवळजवळ साडेतीनशे मीटर, वजनाने १०० ग्रॅमच्या वर. तुटफूट धरून सव्वाशे ग्रॅम सूत पिळून ठेवा.

उन्हाळ्यात सोलापूरची हवा कोरडी असते, आणि कोरडं सुती सूत दमट सुतापेक्षा कमजोर असतं. कापड गिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवतात ती त्यासाठीच. एप्रिल-मेमध्ये विणत असाल तर खोलीत ओलं पोतं टांगा. हलकी खळही उपयोगी पडते. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मैदा गाठी न होता शिजवून, गाळून, पिळलेल्या धाग्यावर फडक्याने फिरवा आणि ताणलेल्या अवस्थेतच वाळवा. दाट खळ वाळली की तिचे कपचे उडतात. खळ लावलेला ताणा पावसाळ्यात आठवडाभरसुद्धा नुसता ठेवू नका, बुरशी धरतो.

बाण्याला जुन्या चादरी-बेडशीटच्या ३ सेंमी रुंद पट्ट्या. एका पायपुसण्याला साडेतीनशे ग्रॅम धरा. धोटा नसलेल्या यंत्रमागांवर कापडाच्या कडेने झालरीसारखी पट्टी कापून पडते. चिंधीवाल्यांकडे ती वजनावर मिळाली तर फाडायचं कामच वाचतं आणि पायपुसणं केसाळ, मऊ होतं. टॉवेलच्या पट्ट्या टाळाव्यात, कापलेल्या कडेने त्या सतत गळत राहतात. गडद रंगाची चिंधी आधी गरम पाण्यात पांढऱ्या फडक्याबरोबर दहा मिनिटं भिजवून पाहा. फडकं रंगलं तर ती चिंधी वेगळी धुऊन घ्या.

ताणा चढवणं

या कामाला दोन माणसं हवीत. एकट्याने करता येतं, पण ताण सारखा येत नाही.

माग मेजाला शिकंजांनी बांधा. मागच्या बीमच्या सळईपासून २.७ मीटरवर दुसऱ्या मेजाला खुंटी बांधा. सळईला धागा बांधून त्याचा फास पहिल्या खाचेतून पुढे काढा आणि खुंटीला घाला. प्रत्येक खाचेतून एक फास, म्हणजे दोन धागे. ६४ खाचा झाल्या की १२८ धागे पुरे. गाठ फक्त सळईपाशी किंवा खुंटीपाशी येऊ द्या. मध्ये आलेली गाठ २ मिमीच्या भोकात अडकून धागा तोडते.

आता खुंटीवरून सगळे फास एकत्र सोडवा आणि एकाने ताण धरून ठेवावा. दुसऱ्याने मागचा बीम फिरवावा. प्रत्येक वेढ्यात जाड खाकी कागद घालायलाच हवा, तोही ताण्यापेक्षा दोन्ही बाजूंना २ सेंमी रुंद. कागद नसला की वरचे धागे खालच्या थरात रुततात, कडेचे धागे घसरून छोट्या व्यासावर गुंडाळले जातात आणि अर्ध्या विणकामात कडा सैल पडतात. मध्ये-मध्ये थांबून धाग्यांना आठ-आठच्या झुपक्यांत झटका द्या. बोटांनी विंचरू नका. विंचरल्याने सैलपणा टोकाला ढकलला जातो आणि तिथे गुंता होतो.

शेवटचे ४० सेंमी उरले की फास कापा. प्रत्येक खाचेतल्या दोन धाग्यांपैकी एक काढून शेजारच्या भोकात ओवा, सगळीकडे एकाच बाजूच्या. एक चुकला की पुढे सगळी रांग सरकते, म्हणून दर १६ धाग्यांनी तपासा. पुढच्या सळईला आठ-आठ धाग्यांचे १६ झुपके बांधा. आधी मधले, मग आळीपाळीने कडांकडे. पहिल्यांदा नुसता अर्धा पेच द्या, सगळे झाल्यावर पुन्हा मधून सुरू करून आवळा आणि मगच गाठ पक्की करा. डोळे मिटून तळहात ताण्यावरून फिरवला तर सैल झुपका लगेच कळतो. दिसत मात्र नाही.

विणकाम

सुरुवातीला जाड चिंधीच्या चार फेऱ्या घाला. झुपक्यांमधल्या फटी त्यांनी मिटतात. त्यानंतर ताण्याच्याच धाग्याने २ सेंमी विणा, ही पुढे दुमडायची पट्टी. मग चिंधी.

बाणा सरळ ओढून घालू नका. एका कडेपासून साधारण ३० अंशांत तिरका टाका आणि ठोका. बाणा ताण्याच्या वर-खाली वळत जातो, त्याला सरळ अंतरापेक्षा जास्त लांबी लागते. ती दिली नाही तर तो कडा आत ओढतो. फणीत ४०.६ सेंमीवर असलेलं कापड विणताना ३८ पर्यंत आलं तर चालेल. ३७ च्या खाली गेलं की कडेचे धागे फणीवर तिरके घासून तुटू लागतात. दर दहा फेऱ्यांनी पट्टी लावून रुंदी मोजा. कडेचे दोन-दोन धागे दुहेरी ओवले असतील तर किनार जास्त टिकते.

अ‍ॅक्रिलिकची फणी जोरात ठोकायला नाही. तिने बाणा जागेवर आणा आणि घट्ट बसवायला लाकडी पंजा किंवा जुना जेवणाचा काटा वापरा. इंचाला सहा फेऱ्या आल्या पाहिजेत. चारच येत असतील तर पट्टी फार रुंद आहे किंवा ताण कमी आहे. दोन पट्ट्या जोडताना दोन्हींची टोकं ८ सेंमी निमुळती कापून एकमेकींवर ठेवा. शिवण किंवा गाठ नको. गाठ पायाला टोचते आणि ठोकताना शेजारच्या फेऱ्या वर उचलते. जोड कडेवरही येऊ देऊ नका.

विणलेली कड फणीपासून ८-१० सेंमीवर आली की थांबा आणि कापड पुढच्या बीमवर गुंडाळा. आणखी दोन इंच ओढून विणायच्या हट्टात फट अरुंद होते, धोटा खालच्या धाग्यांना घासतो आणि चुकीचे धागे उचलले जातात. मागचा खटका आधी, पुढचा नंतर. उलट केलंत तर ताण हाताला झटका देतो.

धागा तुटला तर विणकाम उसवायचं नाही. ६० सेंमीचा नवा धागा त्याच भोकातून ओवा, पुढे विणलेल्या कापडात टाचणीला आठ आकड्यासारखा गुंडाळा आणि मागच्या टोकाला शंभर ग्रॅमचा नट बांधून मागे लटकत ठेवा. त्याचा ताण कापडाच्या ताणाशी जुळवायचा. नट जड वाटला तर लहान घ्या. काही इंच विणल्यावर जुना धागा पुन्हा जागेवर पोचतो, तेव्हा त्याला परत ओवून नवा सोडून द्या.

कापड उतरवताना पुढच्या टोकाला १० सेंमी मोकळे धागे ठेवा. दोन-दोन धाग्यांच्या गाठी मारल्या तर झालर होते. पट्टी दोनदा दुमडून मशीनने शिवली तर पायपुसणं जास्त टिकतं, आणि पायात अडकायलाही काही राहत नाही. पहिली धुलाई थंड पाण्यात. त्यात ते आठ टक्क्यांपर्यंत आटतं. ८५ सेंमी विणलेलं ७८ पर्यंत येतं, म्हणून कोणाला माप सांगताना धुतल्यावरचंच सांगा.

बिघाड आणि देखभाल

कापड एका बाजूला तिरकं होत असेल तर आधी बीमची भोकं आणि चौकटीचे कर्ण तपासा. तिथे सगळं ठीक असेल तर त्या बाजूची सळईची नाडी लांबलेली असते. फट अर्धवट उघडत असेल आणि एखादाच धागा लोंबत असेल तर तो खाचेऐवजी भोकात किंवा भोकाऐवजी खाचेत गेलेला असतो. मधूनच एखादी फेरी ढिली पडत असेल तर खटक्याचा दाता झिजला आहे का ते पाहा. फणीची काडी तुटली तर वरून पारदर्शक टेप लावून काम निभावू नका. टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळून सुताला लागतो. त्या जागी फणीच्या उरलेल्या अ‍ॅक्रिलिकमधून कापलेली काडी सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने बसवा आणि दोन तास हवेशीर ठेवा.

पावसाळ्यात घट्ट केलेले स्क्रू मे महिन्यात सैल होतात. लाकूड आडवं आकसतं आणि पट्टीची रुंदी कमी होते. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळे स्क्रू एकदा आवळा. चौकटीला तेलाचा पातळ हात द्या, पण बीमवर आणि आडव्या पट्ट्यांवर नको. तेल सुताला लागून डाग पडतात. माग वापरात नसताना ताण सैल करून ठेवा. महिनाभर ताणलेला राहिला तर बीम कायमचा वाकतो.

दुसऱ्या वेळी ताणा चढवताना फणी पुन्हा ओवायची गरज नसते. पहिलं काम कापताना फणीच्या दोन्ही बाजूंना १५ सेंमी धागे ठेवून द्या. नव्या ताण्याचं एकेक टोक जुन्या धाग्याला समोरच्या बाजूने बांधा आणि हलक्या हाताने मागे ओढा. गाठ अडकली तर ती दाताने चपटी करून सोडवायच्या भानगडीत पडू नका. ती जागेवरच कापून नव्या धाग्याला थेट ओवा. १२८ पैकी पाच-सहा धागे असे निघतात, बाकीचे सरळ पलीकडे जातात.